चौदावा जोड

माझ्या मामीइतकी उघड्यावर चोरी करणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात दुसरी नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. ती लोकर चोरते. मागच्या हिवाळ्यात नांदेडला तिच्याकडे राहायला गेलो. सकाळी आंघोळ करून बाहेर येतो तर माझ्या स्वेटरची डावी बाही गायब! मामी पाटावर बसून ती उसवत होती. मी ओरडलोच. "ओरडून काय राहिलास? उजवी हाय की अजून," ती म्हणाली. शेजाऱ्यांचे उरलेसुरले गुंडे, जुन्या तोरणांचे दोरे, बाळंतविड्यातल्या टोपड्यांची शेपटं, काहीच तिच्या हातून सुटत नाही. ज्या शहरात उन्हाळ्यात दाराचं कुलूपसुद्धा धरवत नाही, तिथे ही बाई बाराही महिने क्रोशाच्या सुईने हातमोजे विणते.

कुणासाठी? तर उमरीकडे कापूस वेचणाऱ्या बायकांसाठी. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडा सोलून काढतात. याच बायकांसाठी मी तीन वर्षं पत्रकं छापतो आहे. हातमोजे देणं ही मालकाची जबाबदारी, कुणाच्या मामीची नव्हे, हे मी तिला ठणकावून सांगितलं. अशा दयेनं लढा बोथट होतो, हेही सांगितलं. तिनं शांतपणे माझंच पत्रक उलटं केलं, त्यावर माझाच पंजा ठेवला आणि पेन्सिलीनं गिरवला. "तुझा मालक देईल तवा देईल. वेचणी सोमवारपासून हाय."

मापाचं तर तिला वेडच. कंधारच्या बसमध्ये तिनं तिकीट देणाऱ्या कंडक्टरचा हात धरला तो सोडेचना. दोऱ्यानं एकेक बोट मोजलं. "मावशी, गाडी भरलीय, पुढं जाऊ द्या," तो काकुळतीला आला. "जा की. करंगळी तेवढी राहिलीय."

पण बायका तिचे मोजे घालतच नव्हत्या, हे तिचं खरं दुखणं. गोड बोलून घ्यायच्या आणि बांधावर काढून ठेवायच्या. दुसऱ्यांदा म्हणून कुणी मागितला नाही. तेरावा जोड गयाबाई नावाच्या मजुरणीनं भिडेपोटी दिवसभर घातला, तर अनर्थ! लाल लोकरीचा होता तो. संध्याकाळी आम्ही शेतावर पोचलो तेव्हा पांढऱ्याशुभ्र ढिगात लाल तंतूच तंतू. शेताची मालकीण गयाबाईवर कडाडली, "हा कापूस कोन घेईल? उद्यापासून येऊ नकोस." मी भाषणाच्या पवित्र्यात पुढे सरसावलो. मामी मात्र ढिगापाशी फतकल मारून बसली आणि अंधार पडेपर्यंत लाल तंतू वेचत राहिली. मग म्हणाली, "मालकीणबाई, चूक माझी हाय. हिला काढू नका. उद्या हिच्यासंगं मी येते वेचायला, फुकट."

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, गुडघे धरून उठणारी बाई! ती खरोखर गेली, उघड्या हातांनी दिवसभर वेचलं, आणि बोटं रक्ताळून परतली ती चक्क खुशीत. "मला काय ठावं होतं रे! बोंड वरून टोचतं, अन् कापूस धरायचा बोटाच्या पोटानं. मोजा वरून झाकलेला पाहिजे, खालून उघडा." लोकर बंद झाली, पांढरा सुती दोरा आला. नखांवर दाट खांबांची घट्ट वीण, खालून बोटाला धरून ठेवायला नुसती साखळी-टाक्यांची दोरी. आठ वेळा विणलं, आठ वेळा उसवलं. चौदावा जोड गयाबाईकडे गेला.

पंधरा दिवसांनी गयाबाई दारात. कामाचा दिवस बुडवून उमरीहून एकटी आलेली. पिशवीतून मळका, अंगठ्याशी फाटलेला मोजा काढून तिनं मामीपुढे आपटला. "बाई, हे आत्ताच्या आत्ता नीट करा. याच्याबिगर हातच चालंना झालाय माझा. अन् अंगठा जरा ढिला ठेवा, लई आवळतोय."

हा काय बोलण्याचा सूर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. मामीनं सुई घेतली, टाके मोजू लागली आणि मध्येच चुकली. पुन्हा मोजले, पुन्हा चुकली. चष्मा काढून पदरानं पुसला, तरी जमेना. शेवटी मोजा माझ्या हातात देत खालच्या आवाजात म्हणाली, "तू मोज रे. मला आज दिसंना झालंय."