चौकच्या शर्यतीतला एक फेरा

चाळीसगावहून निघताना माझ्या पिशवीत तीन दिवसांचे कपडे, पोहण्याचा पोशाख, एक स्टॉपवॉच आणि गळ्यात अडकवायची शिट्टी होती. वीस वर्षं मी नगरपालिकेच्या तलावावर मुलींना पोहायला शिकवतेय, त्यामुळे या वस्तूंत नवं काही नव्हतं. नवा होता तो समुद्र. त्याच्याशी माझी ओळख गणपतीपुळ्याला पाय भिजवण्यापुरतीच होती.

बोलावणं आलं ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे. मंदा भाईंदरच्या एका शाळेत शिकवते. तिच्या शाळेतून निवृत्त झालेले डॉमनिक गुरुजी चौक गावचे. तिथे शिडाच्या होड्यांची शर्यत होते आणि तिचे नियम गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिलेले आहेत. त्यात एक अट अशी, की होडीतल्या प्रत्येक माणसाने शर्यतीच्या आदल्या दिवशी पोहण्याची चाचणी द्यायची आणि ती घेणारी व्यक्ती गावाबाहेरची असायची. "आपला माणूस म्हणून कोणाला सूट मिळायला नको," असं गुरुजींचं म्हणणं. "तूच ये ना ताई," मंदा फोनवर म्हणाली. "एवीतेवी दोन वर्षं येते येते म्हणतेयस."

बोरिवलीच्या एसटीने मला काशीगावजवळ हायवेवर उतरवलं. रिक्षावाला आधी हिंदीत, मग माझा फोनवरचा संवाद ऐकून मराठीत बोलू लागला. मूळचा दापोलीचा निघाला. चौकला शर्यतीसाठी चाललेय म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही पळणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाने मला चौकच्या बसमध्ये बसवून दिलं. भाईंदरच्या इमारती मागे पडल्या आणि एकाएकी दोन्हीकडे मिठागरं आणि खारफुटी पसरली. राई गाव लागलं. नव्या इमारतींच्या मधेमधे अजून एखादा भाजीचा मळा, एखादं कौलारू घर तग धरून होतं. पुढे रस्ता चढला, उतरला, आणि खिडकीतून सुक्या मासळीचा वास आत आला. बांबूच्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीने टांगले होते. त्यांच्या पलीकडे खाडीचं मुख, आणि पैलतीरावर वसईच्या किल्ल्याची काळपट रेघ. मी बसमधून उतरून पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

डॉमनिक गुरुजी सत्तरीचे, सडपातळ, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. त्यांनी माझ्या हातात चार पानांची नियमावली ठेवली आणि म्हणाले, "आधी वाचा. मग चहा."

मी वाचली. होडीला यंत्र असलं तर ते काढून किनाऱ्यावर ठेवायचं. शिडाची लांबी-रुंदी समितीसमोर मोजायची. होडीत माणसं पाच. चार चालणार नाहीत, सहा चालणार नाहीत. तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) सुकाणूची चाचणी द्यायची. वळणाच्या जागी पाण्यात पिंपं नांगरलेली असतील. पिंपाला होडी लागली, तर इतरांपासून बाजूला होऊन जागच्या जागी एक पूर्ण फेरा घ्यायचा आणि मग पुढे जायचं. फेरा न घेतल्यास होडी बाद.

"आणि लागली की नाही हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"ज्याची होडी, तो," गुरुजी म्हणाले. "पिंपाजवळ आमचा माणूस असतो, पण तो फक्त लिहून ठेवतो. ओरडायचं नाही, खुणावायचं नाही. दर्यावर कोण कोणाच्या मागे शिट्टी घेऊन फिरणार?"

मी माझ्या गळ्यातली शिट्टी हळूच ओढणीखाली सरकवली.

चाचणीला अकरा होड्यांची पंचावन्न माणसं धक्क्यावर जमली होती. अट सोपी होती: भरतीच्या पाण्यात धक्क्यापासून नांगरलेल्या होडीपर्यंत पोहत जाऊन यायचं आणि पाच मिनिटं तरंगत राहायचं. त्या गर्दीत एकच बाई होती. चौतिशीची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेले. यादीत तिचं नाव शोधलं तर ते 'तांडेल' या रकान्यात सापडलं. रेजिना. अंगावरच्या कपड्यांनिशी तिने उडी मारली, सावकाश जाऊन आली आणि पाण्यावर पाठ टेकून आभाळाकडे बघत पडून राहिली. वेळ झाली हे मला दोनदा सांगावं लागलं.

तिच्या पाठोपाठ तिचा दीर पास्कल आला. होडीचं शीड सांभाळणारा, खांद्यांनी दरवाजा अडेल असा गडी. तो पाण्यात उतरला, चार हात मारले, आणि नांगराचा दोर घट्ट पकडून लटकला.

"सोडा दोर," मी म्हणाले.

"सोडला तर बुडंन," तो म्हणाला.

लोक हसले. पास्कल लालबुंद होऊन वर आला. "बाय, पंधरा वर्षं दर्यात जातोय मी. पोवायची पाळीच आली न्हाय कधी. होडी हाय ना!"

मी त्याच्या नावापुढे फुली मारली. रेजिनाचा चेहरा उतरला. यादी आता बदलता येत नव्हती; पाचवा माणूस नापास म्हणजे होडीच बाहेर. तिच्यासाठी ही शर्यत काय होती, ते मला गुरुजींकडून कळलं. इथल्या बायका मासळी निवडतात, सुकवतात, बाजारात नेऊन विकतात. होडीचं सुकाणू मात्र पुरुषांच्या हाती. रेजिनाला भाऊ नाही. वडील बावतीस तांडेल एके काळी या शर्यतीचे मानकरी. आता दोन्ही गुडघे गेले. लहानपणी ते हिला हौसेने होडीत नेत, तेव्हा शिकलेलं ती विसरली नव्हती. यंदा तिने कोणाला न विचारता फॉर्म भरला. त्यावर हरकत आली होती आणि ती संध्याकाळी सभेत ऐकली जायची होती.

"पास्कलला उद्या सकाळी दुसरी संधी आहे का?" मी विचारलं.

"नियम नऊ. आहे."

"आणि मी त्याला आज दुपारी शिकवलं तर?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "परीक्षकाने शिकवू नये असं मी लिहिलेलं नाही. पण एकाला शिकवाल तर जो येईल त्याला शिकवावं लागेल." आणि त्यांनी तिथल्या तिथे तशी हाक दिली. मला वाटलं कोणी येणार नाही. दुपारी आणखी तीन जण आले. सगळे मिशीवाले, सगळे खाली मान घालून.

त्या चौघांना मी कमरेएवढ्या पाण्यात पाठीवर झोपवलं. माझ्या तलावातल्या आठ वर्षांच्या मुलींना सांगते तेच सांगितलं: मान सैल सोडा, कान पाण्यात जाऊ द्या, पोट वर. पास्कल लाकडासारखा ताठ व्हायचा आणि पायाकडून बुडायचा. तासाभराने केव्हातरी मी त्याच्या पाठीखालचा हात काढून घेतला आणि ते त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो मोठ्याने हसला आणि त्या हसण्याने नाकातोंडात पाणी जाऊन पुन्हा बुडाला.

संध्याकाळची सभा गावच्या हॉलमध्ये झाली. हरकत घेणारे एक वयस्क गृहस्थ उठले. बोलणं उद्धट नव्हतं. "बाईमानूस तांडेल झालेली आम्ही कधी बघितली न्हाय. उद्या काय झालं तर जबाबदारी कोनाची?"

गुरुजींनी नियमावली उघडली आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचलं, "तांडेलाने समितीसमोर सुकाणूची चाचणी द्यावी. बुधवारी दिली. पाच जणांनी पाहिली. तुम्हीही होतात. काही चुकलं का तिचं?"

"चुकलं न्हाय," गृहस्थ म्हणाले.

"मग नियम इथे संपतो."

मागच्या खुर्चीवर बावतीस तांडेल बसले होते. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. ते एवढंच म्हणाले, "मी काय सांगू? फॉर्म तिनं भरला." यात अभिमान होता की नाराजी, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. रेजिना वडिलांकडे पाहत होती. तिलाही उमगलं नसावं.

त्या रात्री मी गुरुजींच्या घरी राहिले. त्यांच्या पत्नीने तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि फुगे (मैद्याचे गोडसर तळलेले गोळे) वाढले. मी अकरा फुगे खाल्ले. मोजले त्यांनीच.

सकाळी पास्कल पास झाला, बाकीचे तिघेही. होडीपर्यंतचं अंतर त्याने कुत्र्यासारखं पाय मारत कापलं, पण कापलं. पाच मिनिटं डोळे मिटून, ओठांनी काहीतरी पुटपुटत तरंगला. मी फुलीच्या जागी बरोबरची खूण केली आणि आपल्याच तलावावरची मुलगी पहिल्यांदा तरल्यासारखी खूश झाले.

दुसऱ्या पिंपाजवळ नोंदीला बसायचा माणूस तापाने आडवा झाला होता. गुरुजींनी वही माझ्या हातात दिली. "तुम्ही बाहेरच्या. बोलायचं नाही, एवढं लक्षात ठेवा." यंत्राच्या एका लहान होडीने मला खाडीच्या मुखाशी नेलं. तिथे एक निळं पिंप पाण्यात डुलत होतं. आमची होडी त्याच्यापासून वीसेक हातांवर नांगर टाकून उभी राहिली, आणि पहिली दहा मिनिटं माझं सगळं लक्ष पोटात उठलेल्या फुग्यांकडे होतं.

दुपारी समुद्राकडून वारा सुटला. धक्क्यावर झेंडा खाली आला आणि अकरा शिडं एकदम फुगली. असं दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, धूर नाही. नुसती पांढरी, तांबडी, ठिगळं लावलेली शिडं एका अंगावर कलून आमच्याकडे येत होती. जवळ येऊ लागली तशी कापडाची फडफड आणि लाकडाची करकर ऐकू आली. पुढे एक तांबडं शीड, आणि त्याच्या मागे जेमतेम दोन होड्यांच्या अंतरावर रेजिना.

तांबडं शीड पिंपाला लांबून वळसा घालून गेलं. रेजिनाने आतून, अगदी जवळून वळण घेतलं. तिथेच ती पुढे निघणार होती. पण ओहोटी लागली होती आणि पाणी तिच्या होडीला पिंपाकडे ढकलत होतं. होडीचं नाक गेलं, मधला भाग गेला, आणि शेवटचं टोक पिंपाला हलकेच घासलं. पिंप कलंडलं आणि पुन्हा सरळ झालं. माझ्या होडीचा चालक तेव्हा पाठ करून नांगराचा दोर आवळत होता. मी एकटीने पाहिलं.

"लागलं?" रेजिनाने विचारलं. वाऱ्यावर तिचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत येत होता.

"न्हाय!" पास्कल शिडाच्या दोराला लोंबकळत ओरडला. "चल, चल! वारा धर!"

त्याला खरंच दिसलं नसेल. तो शिडाच्या पलीकडे होता. मी वही छातीशी धरून बसले. ओरडायचं नाही, खुणावायचं नाही. ती तशीच पुढे गेली असती तर मला 'फेरा घेतला नाही' असं लिहावं लागलं असतं, आणि हॉलमधल्या त्या सगळ्या माना पुन्हा वळल्या असत्या. मी मनात म्हणत होते, वळ गं. वळ.

रेजिनाने मागे बघितलं. पिंप डुलत होतं, पण लाटेवर ते तसंही डुलतच होतं. मग तिने हातातल्या सुकाणूकडे पाहिलं.

"सुकाणूतनं माझ्या हाताला लागलं," ती म्हणाली. "फेरा हाय. शीड सोड!"

"अगो, पुढं जातेयस तू!"

"शीड सोड पास्कल!"

त्याने दोर सोडला. होडी बाजूला झाली आणि फिरू लागली. तो फेरा फार सावकाश वाटला मला. वाऱ्यासमोर आल्यावर शीड थडथडलं, पार मोकळं पडलं, मग हळूहळू दुसऱ्या अंगाने भरलं. तेवढ्यात तीन होड्या तिच्या पुढून निघून गेल्या. त्यातल्या एका होडीत ते हरकतवाले गृहस्थ सुकाणूवर होते. ते मागे वळून वळून बघत होते. मी घड्याळ पाहून लिहिलं: पिंपाला लागली. फेरा घेतला.

पाचवी झालेली रेजिना धक्क्यापर्यंत तिसरी आली. ढाल पहिल्या दोघांनाच होती. टेबलावर प्रत्येक तांडेलाने सही करायची असते, आणि वर एक ओळ कोरी असते: काही चूक झाली असल्यास. तिने लिहिलं, 'दुसऱ्या पिंपाला शेपूट लागलं. फेरा घेतला.' दुसरे आलेले हरकतवाले गृहस्थ तिच्या मागेच रांगेत होते. त्यांनी ती ओळ वाचली, पेन घेतलं, सही केली, आणि जाताना तिला म्हणाले, "पोरी, वळन बरं घेत होतीस."

नंतर ती माझ्याजवळ आली. "म्याडम, तुम्ही बघितलेलं?"

"हो."

"लिहिलं असतं?"

"लिहिलं असतं."

"मला वाटलं, कोनीच न्हाय बघितलं," ती म्हणाली आणि ओले केस पिळू लागली.

धक्क्याच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बावतीस तांडेल बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फेरा लांब घेतलास," ते म्हणाले. "निम्म्या जागंत बसला असता."

रेजिनाचा चेहरा एकदम उजळला. काल 'मी काय सांगू' म्हणणारा माणूस आता सांगायला लागला होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. बसथांब्याकडे जाताना वाळूवर बापलेक दिसले. मासळीची एक टोपली उपडी टाकलेली होती. रेजिना हातात काठी धरून, तीच सुकाणू समजून, टोपलीभोवती फिरत होती. "आता! आता वळव!" बावतीस ओरडले, आणि तिचं चुकतंय असं वाटून स्वतःच खुर्चीवरून उठले. एक हात तिच्या खांद्यावर टेकून, गुडघे ओढत, त्यांनी टोपलीभोवती एक तोकडा, नेमका फेरा मारून दाखवला. बस आली आणि गेली. मी पुढची धरली.

चाळीसगावला परतल्यावर मैत्रिणींनी विचारलं, कोण जिंकलं? मला त्या तांबड्या शिडाच्या तांडेलाचं नाव आठवेना. नोंदवहीत असेल, म्हटलं. इतकी वर्षं मी स्पर्धा घेतेय. चूक झाली की शिट्टी वाजवायची आणि हात वर करायचा, हे मला सवयीचं. त्या खाडीत मी तोंड मिटून बसले होते आणि तरी नियम पाळला गेला. तो पाळताना एक बाई काय काय सोडून देत होती, ते मी वीस हातांवरून पाहिलं. तेवढं पाहायला मिळालं म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजते.