हळदीच्या ढिगातला हिमालय

चहा घ्या अगोदर. हसताना सांडला तर माझ्या नावानं बोंबलू नका, एवढंच. कुरुंद्यात अजूनबी कोणी भेटलं की पहिलं इचारतं, "काय गजाननराव, गंठण कवा दाखवता?" मी मान खाली घालून पुढं जातो. कोणाचं गंठण, कुठलं गंठण, हे सांगायचं तर आधी माझं येड सांगावं लागतं.

घर आमचं हळदीवाल्याचं. आज्यानं हळद लावली, आबानं लावली, मी लावून राहिलो. पण मला नाद लागला तो थंड डोंगरातल्या फुलांचा. बर्फ पडतो तिथं दगडाच्या फटीत उगवणारी इवलीशी झाडं आन कंद. मोबाईलवर आमचा एक गट आहे. स्कॉटलंडच्या मार्गारेटबाई, जपानचे एक रिटायर मास्तर, न्यूझीलंडचा एक मेंढरंवाला, हिमाचलचे ठाकूरजी. जगभरातली माणसं दिवसभर एकमेकांना फुलांचे फोटो टाकतात. कोणाचा कंद कुजला तर सगळे मिळून सुतक पाळतात. आन त्यांच्यात हा एक कुरुंद्याचा, ज्याच्या घरी चैत्रात नळाला आपसूक गरम पाणी येतं.

मार्गारेटबाईनं एकदा इचारलं, "तुमच्याकडं बर्फ किती असतो?" मी लिहिलं, "फ्रीजमध्ये भरपूर." त्यांना तो विनोद वाटला. मी खरंच सांगत होतो.

कारण या झाडांच्या बियांना थंडी लागल्याशिवाय त्या उगवतच न्हाईत. म्हणून मी ओल्या रेतीत बिया कालवल्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरल्या आन डबा फ्रीजमध्ये ठेवला. माझा मेव्हणा आला. बहिणीचं घर म्हणल्यावर त्यानं हक्कानं डबा उघडला आन मोठा चमचा भरून तोंडात घातला. पुढचं तुमीच समजून घ्या. त्या दिवशी मनीषानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मला ओसरीत उभं करून सांगितलं, "आजपासून फ्रीजला हात लावायचा न्हाई. काही पाहिजे असलं तर मला मागायचं." तेव्हापासून मी माठाचं पाणी पितो.

आता ठाकूरजीचं ऐका. त्यांच्याकडं रोस्कोया नावाचं झाड होतं. आपल्या हळदीच्याच कुळातलं, भाऊबंदकीला कंटाळून हिमालयात राहायला गेलेलं म्हणा ना. फूल जांभळं असतं. पण ठाकूरजीच्या बायकोनं लावलेल्या वाफ्यात एक झाड पांढऱ्या फुलाचं निघालं होतं. बाईनं ते जिवापाड जपलं. मग बाई गेली. ठाकूरजीनं त्या कंदाचे दोन भाग केले आन एक मला कुरिअरनं धाडला. गटात एवढी थंड देशातली माणसं सोडून माझ्याकडंच काहून? कारण मीच गटात फुशारकी मारली होती की हळदीचं बेणं आमी लागवडीपर्यंत झोपवून ठेवतो, कंद सांभाळणं म्हणजे आमच्या हातचा मळ.

"सोया हुआ है गजानन भाई," ठाकूरजी फोनवर म्हणाले. "ठंडी जगह में सोने देना. एक ही जगह रखना ठीक नहीं, कल को मेरे यहाँ कुछ हो गया तो?"

थंडी जागा. घरात थंडी जागा एकच, आन तिथं मला बंदी. मनीषाला मागावं तर श्रीखंडाचा विषय परत निघणार. मग मला आठवला निंबाखालचा बेण्याचा ढीग. हळद काढली की पुढच्या वर्षीच्या लागवडीचे गड्डे आमी सावलीत ढीग लावून ठेवतो, वरून हळदीचाच पाला टाकतो. आत हात घातला तर गार लागतं. कंद कागदात गुंडाळला आन कोपरापर्यंत हात घालून त्या ढिगात सारला. कोणाला काही बोललो न्हाई. लई हुशार ना मी.

त्यानंतर मनीषा भावाच्या पोरीच्या साखरपुड्याला माहेरी गेली, सिद्धेश्वरकडं. मी विहिरीवरची जळालेली मोटार भरायला टाकायची म्हणून वारंगा फाट्यावर आलो. मोटार दुकानात दिली, हॉटेलात बसलो, चहा सांगितला. तेवढ्यात ठाकूरजीचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"रात को दीवार गिर गई. पूरी क्यारी खड्ड में चली गई. ढूँढा, कुछ नहीं मिला." मग म्हणाले, "उसका जो भी है, अब आपके पास है."

मी छाती ठोकून सांगितलं, "ठाकूरजी, बेफिकीर रहो. मेरे जान से जादा संभाला है." फोन ठेवला आन खरंच, माझे डोळे भरून आले. मेलेल्या माणसाच्या हातचं शेवटचं झाड आपल्या निंबाखाली झोपलंय, केवढी मोठी गोष्ट.

चहा येऊन ठेपला तोच आबांचा फोन.

"गज्या, कुकरवाला रहीम आजच आला. हळद शिजवायला घेतली."

"बरं झालं की."

"आन बेणं यंदा लई झालंय. निंबाखालचा अर्धा ढीगबी घालून टाकतो कुकरात."

"आबा, थांबा, त्या ढिगाला—"

फोन बंद. आबांचं असं आहे, आपलं बोलून झालं की फोन झाला. मी परत लावला, परत लावला, उचललाच न्हाई. सदरा काढून खुंटीला अडकवला असणार आन फोन त्याच्या खिशात.

हळदीचा कुकर तुम्हाला माहीत नसंल तर सांगतो. मोठाले ड्रम असतात, त्यात हळद भरायची, खालून वाफ सोडायची. आत गेलेला गड्डा परत कधी उगवत न्हाई. शिजतो, वाळतो आन बाजारात जातो.

चहा तसाच ठेवून मी गाडीला किक मारली. मागून हॉटेलवाला काय ओरडला ते ऐकायला आलं न्हाई. हायवेला ट्रकांची रांग लागलेली, मी कुठून कशी गाडी काढली ते माझं मला माहीत न्हाई. मनात एकच हिशोब, रहीमचा पहिला ड्रम भरला असंल का दुसरा? पहिल्यांदा कोणता ढीग घेतला असंल? गावाकडच्या रस्त्याला लागलो तर पुढं मेंढरं. रस्ताभर मेंढरं. हॉर्न वाजवला तर ती अजूनच गोळा झाली.

मेंढरंवाल्या म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "काहून एवढी घाई? कोनी गेलं का?"

"जायच्या बेतात हाय," मी म्हणलो.

म्हाताऱ्यानं काठी आडवी घेऊन मेंढरं बाजूला केली आन मला हात जोडले. मी बी जोडले. काय करता?

आखाड्यावर, म्हणजे वावरातल्या आमच्या गोठ्यापाशी, पोचलो तेव्हा वाफेनं सगळं धुरकट झालेलं. निंबाखालचा ढीग एका अंगानं खाल्लेला दिसला, आन रहीमभाईची माणसं त्यातूनच घमेली भरून राहिली होती. मी गाडी चालू ठेवूनच उतरलो, ती आडवी पडली.

"थांबवा. कुकर बंद करा."

रहीमभाई म्हणाला, "अरे भाप चढी है मालक, अब कैसा बंद करूँ?"

आबा वाफेतून बाहेर आले. "काय झालं रे?"

"ढिगात माझी एक चीज आहे. किमती."

"कोनती चीज?"

आता तुमीच सांगा, काय बोलणार होतो मी? सगळा ढीग कंदांचा. त्यातला एक कंद सापडत न्हाई म्हणून कुकर थांबवा, असं म्हणलो असतो तर आबांनी मलाच ड्रममध्ये बसवलं असतं. मी गप्प राहिलो.

"सोने का है क्या?" रहीमभाईनं हळूच इचारलं.

मी गप्पच. झालं. तिथंच माझ्या गप्प बसण्याचं सोनं झालं.

रहीमभाईनं वाफ बंद केली. त्याची माणसं घमेली उलटी करून गड्डे चाळायला लागली. शेजारच्या वावरातल्या बाया आल्या. एक म्हणाली अंगठी, दुसरी म्हणाली अंगठीसाठी कोणी कुकर थांबवत न्हाई, गंठणच असणार. ते गंठण बघता बघता मनीषाचं झालं. गावातून माणसं यायला लागली. सरपंचाचा चुलता आला, त्यानं खुर्ची मागवून घेतली. आन सगळ्यात वाईट म्हणजे आबा. गुडघे दुखतात त्यांचे, तरी ते मातीत बसून एक एक गड्डा बाजूला करून राहिले. मला पाहवेना. पण खरं सांगायची हिंमतबी होईना.

तेवढ्यात मनीषाचा फोन. बातमी सिद्धेश्वरला माझ्या गाडीपेक्षा जोरात गेली होती.

"माझं गंठण हरवलं म्हणून गाव गोळा झालंय म्हणं?"

"व्हय... म्हणजे न्हाई."

"माझं गंठण माझ्या गळ्यात हाय," ती शांतपणे म्हणाली. "मग ढिगात कोनाचं गंठण हाय?"

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं हो. एवढी शांत ती श्रीखंडाच्या दिवशीबी नव्हती. म्हणलो, "गंठण बिंठण काही न्हाई, गाडीची चावी पडली."

"मग फाट्यावरून गाडी ढकलत आनली का?"

"दुसरी चावी," म्हणून मी फोन ठेवला.

आन तेव्हाच माझ्या हाताला कागद लागला. ओला, फाटलेला, पण माझाच, मी गुंडाळलेला. त्याच्याजवळच मातीनं माखलेला एक गड्डा, बोटासारखी मुळं सुटलेला. चटकन उचलला, खिशात घातला आन उभा राहून म्हणलो, "सापडलं."

सगळे पुढं सरकले. "दाखव," सरपंचाचा चुलता म्हणाला.

"देवापुढं ठेवल्याशिवाय दाखवायचं न्हाई," असं म्हणून मी घराकडं सुटलो. गावाची खात्री झाली, चांगलं जाडजूड गंठण असणार.

आबांनी मला ओसरीत गाठलं. डोळे चमकत होते. "समजलं मला. सुनंला गुपचूप नवीन गंठण केलंस ना? मी न्हाई बोलणार कोनाला. शहाणा हायेस." माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा आबा मला शहाणा म्हणले, ते असं.

पुढं त्या कंदाचे लाड ऐका. नवी कुंडी, धुतलेली रेती, वेचून आणलेली बारीक खडी. पाणी घालायचं ते माठातलं, तेबी बोटानं शिंपडून. ऊन वाढलं तशी कुंडीवर छत्री उघडली. मी उन्हात, कुंडी छत्रीत. मनीषा यावर एक शब्द बोलली न्हाई. उलट त्या दिवसांत ती लई गोड वागली. भाकरीवर लोण्याचा गोळा, मला सांगा, काहून? मी म्हणलो, हिलाबी आता फुलांची गोडी लागली.

मृग निघाला आन कुंडीत हिरवा कोंब दिसला. मी फोटो काढला, गटात टाकला. जपानच्या मास्तरांनी हात जोडले. ठाकूरजीनं नुसतं लिहिलं, "वो होती तो रो देती."

पानं उलगडल्यावर दुसरा फोटो टाकला. त्यावर मार्गारेटबाईचा निरोप आला, मोबाईलनं मराठी करून दाखवला. "प्रिय गजानन, हळद छान आली आहे. माझ्याही स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. पण रोस्कोया कुठे आहे?"

असं डोकं फिरलं माझं. तीन पिढ्या हळदीत गेलेल्या माणसाला स्कॉटलंडहून हळद दाखवायची? मी लांबलचक लिहिलं, बाई, एका कुळातली झाडं आहेत, पान सारखंच दिसणार, हळद काय असते ते आमाला शिकवू नका. त्यांनी उलट एकच ओळ धाडली, "पान चुरून वास घ्या."

चुरलं. नाकाला लावलं.

जन्मल्यापासून आमच्या घराला, आबांच्या सदऱ्याला, माझ्या उशीला जो वास आहे, तोच. माझ्या हातानं निवडून मी घरचाच गड्डा घेऊन आलो होतो. म्हणजे त्या बाईचं झाड ड्रममध्ये शिजलं. तेव्हा पहिल्यांदा मी हुंदका देऊन रडलो, खोटं कशाला सांगू. ठाकूरजीला काय सांगायचं?

मनीषाला हाक मारली. म्हणलो, "तुझ्यापासून एक गोष्ट लपवली मी."

ती लाजली. पदर सावरला. "माहीत हाय मला. आबा बोलले कवाच."

"आबा? काय बोलले?"

"गंठण केलंय म्हणून. मी वाट पाहून राहिले, तुमी स्वतःहून कवा देता ते."

लोण्याचा गोळा आठवला मला. तेव्हा मग सगळं सांगितलं. ठाकूरजीची बायको, पांढरं फूल, ढीग, कुकर, कुंडी. तिचा चेहरा पार उतरला. ती उठली, फ्रीज उघडला आन भाजीच्या कप्प्यातून, पार मागून, एक पिशवी काढून माझ्या पुढ्यात टाकली. आत तोच कंद. टुमटुमीत, पांढरा कोंब सोडलेला.

"माहेरी लोणच्याला ओली हळद न्यायची होती म्हणून ढिगात हात घातला," ती म्हणाली. "कागदात हा निघाला. कागद कुजला होता, तो तिथंच टाकला आन ह्याला फ्रीजमध्ये ठेवला. ठंडी जगह, ठंडी जगह म्हणून ते ठाकूरजी स्पीकरवर सांगत होते, आमाला कान न्हाईत का? मला वाटलं, तुमी मागसाल."

"मग कुंडीत मी काय जपून राहिलो, ते इचारलं न्हाईस?"

"तुमच्या कुंड्यांत काय असतं ते मी कवा इचारते?"

दुसऱ्या दिवशी कंद थर्मासात घालून ठाकूरजीला परत धाडला. तिकडं पावसाळ्यात त्याला पांढरं फूल आलं. फोटो पाहून मनीषानं डोळे पुसले आन लगेच म्हणाली, "आता गंठणाचं बोला." ते बोलणं अजून चालूच आहे. ठाकूरजीनं पुढच्या हिवाळ्यात परत अर्धा कंद धाडला. पार्सलवर नाव तिचं, आन ते थेट फ्रीजमध्ये गेलं.

राहिली माझी कुंडी. हळद काढायच्या वेळी आबांनी ती आखाड्यावर उपडी केली. माठाचं पाणी, छत्री, वेचलेली खडी, एवढं करून आत निघाला सुपारीएवढा एक वाळका गड्डा. आबांनी तो हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला आन शांतपणे माझ्या हातावर ठेवला.

"गज्या," ते म्हणाले, "हिमालयाचं राहू दे बाबा. आधी हळद लावायला शिक."