चौकटीतले डबे

मी कॉलेजात माध्यमं शिकवते. म्हणजे जाहिराती, सिनेमे, गाण्यांचे व्हिडिओ असलं काहीबाही मुलांना दाखवायचं आणि ते असंच का दिसतं हे त्यांच्याकडून काढून घ्यायचं. दर वर्षी एक स्वाध्याय ठरलेला असतो: एखाद्या इंडी, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणाऱ्या बँडचा व्हिडिओ निवडा आणि त्यांच्या संगीताचा प्रकार चित्रात कसा उतरलाय ते सांगा. माझं एक वाक्य मुलांना तोंडपाठ आहे. चौकटीत कुठलीही वस्तू चुकून येत नाही. मोठ्या तोऱ्यात म्हणते मी ते.

यंदा एक चुणचुणीत मुलगी पहिली उठली. "मॅडम, बँड आपल्या बेंगळुरूचाच आहे, अजून फारसा कुणाला ठाऊक नाही," म्हणाली आणि तिनं व्हिडिओ लावला. पडद्यावर एक खोली. ओल आलेली भिंत, जमिनीवर गादी, गादीवर पाठमोरी बसून एक मुलगी गिटार वाजवत गातेय. गाता गाता तिनं उजव्या पायाच्या अंगठ्यानं डावा घोटा खाजवला. अहो, आमच्या अख्ख्या बनशंकरीत असा घोटा खाजवणारी एकच मुलगी आहे, आणि ती मी वाढवलीय.

माझ्या लेकीचा बँड आहे हे मला माहीत होतं. पण तो शनिवार-रविवारचा, असं तिनं सांगितलं होतं. बाकी दिवस बेळ्ळंदूरला ऑफिस, तिथंच लिफ्टवाली इमारत, मैत्रिणींबरोबर फ्लॅट. मला कधी बोलवलं नाही. "आई, तुला त्या ट्रॅफिकमध्ये कशाला त्रास?" असं गोड बोलायची आणि स्वतःच मेट्रोनं यायची. बनशंकरी स्टेशनच्या पायऱ्यांशी उभ्या उभ्या माझ्या हातून डबा घ्यायची नि निघायची. कधी चटणीपूड आणि चकल्या, कधी कोडबळे, कधी तुपातले लाडू. झाकण निसटू नये म्हणून मी डब्याला जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधते, वर माझी दुहेरी गाठ. "अगं, डबे आण परत, माझी फळी ओकीबोकी झालीय," असं मी दर खेपेला ओरडायची. "आणते गं पुढच्या वेळी," हे तिचं ठरलेलं उत्तर.

इकडे वर्गात ती चुणचुणीत पोरगी रंगात आली होती. "हा प्रकार लो-फाय," ती सांगत होती. "यात सगळं घरच्या घरी केलेलं वाटलं पाहिजे. म्हणून आवाजातली खरखर काढलेली नाही, कॅमेरा एकाच जागी ठेवलाय, चेहरा दाखवलेला नाही. आणि खोली मुद्दाम गरीब केलीय, मॅडम. गरिबी हा इथला दागिना आहे." मुलं हसली. मग तिनं चित्र थांबवलं आणि खिडकीच्या कडेला बोट दाखवलं. "हे स्टीलचे डबे बघा. जुन्या घराची हुरहुर लावायला आणून मांडलेत. चौकटीत काहीच चुकून येत नाही ना!"

एकावर एक रचलेले माझे डबे. सगळ्यांना साडीचे काठ बांधलेले, सगळ्यांवर माझीच गाठ, जशीच्या तशी.

म्हणजे माझ्या लेकीनं एकही डबा उघडला नव्हता.

बारावीत तिनं जेवण सोडलं होतं. ताट पुढ्यात घेऊन बसायची आणि भिंतीकडे बघायची. त्यातून तिला बाहेर काढताना आम्ही दोघी किती झिजलो ते आमचं आम्हाला माहीत. आता पुन्हा तेच? पाठीचे मणके दिसत होते हो त्या पडद्यावर. वर्ग म्हणत होता, काय सुंदर प्रकाश पडलाय.

मी त्या विद्यार्थिनीला "छान मांडलंस" म्हणाले आणि खोली कुठली आहे ते विचारलं. गायिकेचीच, के. आर. पुरमची, व्हिडिओखाली लिहिलंय, असं ती म्हणाली. वर्ग सुटल्यावर मी जिन्यातूनच फोन लावला.

"के. आर. पुरमला यायला निघालेय. पत्ता पाठव."

पलीकडे गिटार खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "कुणी सांगितलं?"

"तुझ्या गाण्यानं. पाठवतेस की स्टेशनवर उतरून तुझ्या नावानं हाका मारत फिरू?"

पत्ता आला. रिक्षात बसले आणि चालकाला सारखं "अण्णा, स्वल्प बेगा", जरा लवकर, म्हणत राहिले. बिचारा "सरी अम्मा, सरी" म्हणायचा आणि सिग्नलला थांबायचा. मला राग येत होता. खोटं बोलली म्हणून तिचा, दागिना म्हणणाऱ्या त्या पोरीचा, आणि सगळ्यात जास्त त्या खिडकीतल्या डब्यांचा.

दार तिनं उघडलं. गालफडं बसलेली. खोली व्हिडिओत होती तेवढीच, त्यापलीकडे काही नाही.

"ऑफिस?" मी विचारलं.

"नोकरी कधीच गेली, आई. तू काळजी करशील म्हणून..."

"आणि हे डबे काय म्हणून मांडलेस कॅमेऱ्यापुढे?"

"मांडले कुठे? ते तिथंच असतात. ठेवायला दुसरी जागा आहे का इथं?"

मी ताडताड खिडकीपाशी गेले. म्हटलं, आज एकेक उघडून हिला समोर बसवून भरवते. वरचा डबा दोन्ही हातांनी धरला, लाडवांचं वजन असणार म्हणून जोर लावला, आणि डबा एकदम वर आला. हलका. दुसरा उचलला, तोही. गाठ सोडून झाकण काढलं. आत घासून-पुसून लख्ख केलेलं स्टील.

"सगळं खाल्लं गं," ती मागून म्हणाली. "दुसरं होतं काय खायला? चटणीपूडसुद्धा नुसती खायचे. मग धुऊन, तू बांधतेस तसेच बांधून ठेवायचे, परत द्यायला."

"मग दिले का नाहीस? मी दर वेळी घसा फोडून मागतेय!"

ती डब्याला झाकण परत लावायला लागली. आमच्या घरातून कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, हे मीच तिला शेजारच्या अक्कांकडे वाटी घेऊन पाठवताना शिकवलं होतं.

"रिकामे कसे आणू, आई?" ती म्हणाली. "घरात साखर नव्हती."