ब्राझीलच्या मेकॅनिकची न्यूजर्सी

पार्सिपनीतला माझा ब्राझीलियन मेकॅनिक नकाशा मानत नसे. न्यूजर्सीत ब्राझीलची माणसं राहतात तेवढीच गावं खरी, बाकी सगळं जंगल, असं त्याचं ठाम मत.

आई पहिल्यांदाच अमेरिकेत येणार आणि ऐन वेळी माझी गाडी बंद पडली. हा म्हणाला, "बस, मी नेतो." मग प्रत्येक खऱ्या गावात थांबून मिठ्या, कॉफी आणि कुणाला तरी फोन. विमानतळाच्या वीस मैलांचे त्याने नव्वद केले.

"अरे, आईला इंग्रजी येत नाही, एकटी घाबरली असेल," मी रडकुंडीला आलो.

"एकटी कशी? विमानतळसुद्धा आमचंच गाव."

पोचलो तर आई सहा ब्राझीलियन सफाईवाल्यांच्या घोळक्यात बसून बेसनाचे लाडू वाटत होती. मला बघून म्हणाली, "इतक्या लवकर कशाला आलास?"