वाणात दिलेलं तारुण्य

मंजिरीच्या सासूबाईंचे केस हिरवे झाले, त्यात माझा हेतू अजिबात वाईट नव्हता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या स्कोफिल्ड्समधल्या मराठी घरांत हा किस्सा हल्ली माझ्या गैरहजेरीत सांगितला जातो आणि दर खेपेला मी त्यात थोडा अधिक नालायक होतो.

सुरुवात टेक्सासहून झाली. तिथे माझा मावसभाऊ समीर असतो. (तो स्वतःला सॅम म्हणवतो. मावशी अजून सम्याच म्हणते.) डिसेंबरात त्याचा व्हिडिओ कॉल आला. अंगात कोट, मागे भिंतीवर डरकाळी फोडणारा सिंह.

"निख्या, तू अजून नोकरीच करतोस?"

हे त्याने 'तू अजून अंगठा चोखतोस?' अशा सुरात विचारलं.

"हो. आयटीतच. परमनंट आहे."

"परमनंट! अरे, गुलामीपण परमनंटच असते! मी सोडली नोकरी. इथे अमेरिकेत कष्ट करणाऱ्याला कोणी विचारत नाही. स्मार्ट माणूस एकदा काम करतो आणि मग झोपेत कमावतो!"

झोपेत करण्याजोग्या सगळ्याच कामांत मला लहानपणापासून गती आहे. मी सरसावून बसलो.

कमाईचं साधन होतं समुद्री शेवाळाची हिरवी पूड. पाण्यात ढवळून प्यायची. वजन उतरतं, उत्साह चढतो, कातडी चमकते. पण मुख्य धंदा पूड विकण्याचा नव्हताच. तो माणसं जोडण्याचा होता. माझ्या हाताखाली पाच जण, त्या प्रत्येकाच्या हाताखाली आणखी पाच. मी कागदावर मांडून पाहिलं, तर गुढीपाडव्यापर्यंत सगळा ऑस्ट्रेलिया माझ्या हाताखाली येत होता. (न्यूझीलंडचं नंतर बघू म्हटलं.)

माझी दहा वर्षांची लेक ईरा कागदात डोकावली. "बाबा, दॅट्स लिटरली अ पिरॅमिड."

"पिरॅमिड हजारो वर्षं टिकलेत, बेटा."

"येस, बट एव्हरीवन इनसाइड इज डेड."

मुलं फार बोलतात. मी क्रेडिट कार्डावर पुडीची खोकी मागवली आणि गॅरेजमध्ये रचली. गाडी रस्त्यावर उन्हात गेली.

आता हवी होती माणसं. माझी ओळख कोणाशी? कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, एवढं विचारण्यापुरती शेजाऱ्याशी. माणसं होती ती माझ्या बायकोची, वैदेहीची.

ती तिला आयती मिळाली नव्हती. पुण्यात शाळेत शिकवणारी ही बाई इथे आली, तेव्हा सुरुवातीची दोन वर्षं दिवसभर तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं. दुकानातली काउंटरवरची मुलगी 'हाऊ आर यू?' म्हणायची, तर ही खरोखर सांगायला लागायची. मग तिला चाइल्डकेअरमध्ये काम मिळालं, आणि तिने एकेक घर जोडत नेलं. मंजिरी बाळंत झाली तेव्हा महिनाभर अळिवाची खीर पोचवली. एकीला समोरच्या बंद गल्लीत, कल-डी-सॅकमध्ये, गोल गोल फिरवून गाडी शिकवली. कोणाची शिफ्ट असली की त्यांची पोरं आमच्याकडे वरणभात जेवायची. असं करत करत त्या जानेवारीत तिने आमच्या नव्या घरी पहिल्यांदा संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवलं. पंचवीसेक बायका येणार होत्या. ती आठवडाभर गुणगुणत होती.

हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानांत तिने वाणासाठी स्टीलचे छोटे डबे पाहून ठेवले होते. मी म्हणालो, "वाणाचं माझ्यावर सोड."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "खरंच? तू आणशील?" लग्नानंतर अशा कामात मी पहिल्यांदाच हात घालत होतो. ते भरलेले डोळे आठवले की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी पूड छोट्या छोट्या पुड्यांत भरली. ज्येष्ठ भगिनींना समजावं म्हणून प्रत्येक पुडीवर मराठीत स्टिकर लावला : 'तारुण्य परत मिळवा!' खाली माझा फोन नंबर. पूड प्यायची असते, एवढं लिहायचं तेवढं राहिलं.

रविवारची दुपार. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन, आत काळ्या साड्या, अत्तर, तिळगूळ आणि हसणं. सगळ्या घरात हसणं! वैदेही उखाण्यांची फेरी सुरू करणार, इतक्यात मी पडदे ओढले आणि टीव्ही लावला. टीव्हीवर सॅम आणि सिंह अवतरले.

"हॅलो लेडीज! आपलं आयुष्य बदलायला कोण कोण तयार आहे?"

मंजिरीच्या सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. त्यांनी शेजारणीला विचारलं, "हे गुरुजी आहेत का?"

मी सरबराई केल्यासारखा पुड्या वाटत सुटलो. "घ्या, घ्या! आज जॉइन झालात तर पहिल्या पाचात याल!"

"निखिल," वैदेही हळूच म्हणाली, "बंद कर ते."

"पाचच मिनिटं!"

सॅमची पाच मिनिटं अमेरिकन होती. तो झोपेतल्या कमाईपर्यंत पोचला, तोवर एकीला मुलाचं स्विमिंग आठवलं, दुसरीला गॅस. (तिच्या घरी इंडक्शन आहे.) पंधरा मिनिटांत दाराबाहेरच्या चपला नाहीशा झाल्या. पुड्या मात्र सगळ्यांनी नेल्या, कारण वाण नाकारत नाहीत. मला वाटलं, सुरुवात उत्तम झाली!

वैदेही उरलेले तिळाचे लाडू डब्यात भरत होती. "ह्या बायका मला अशाच नाही मिळाल्या रे," ती म्हणाली. "त्यांना वाटलं असेल, ह्याचसाठी मी त्यांचं करत होते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढचा आठवडा तिचा फोन वाजला नाही. संध्याकाळी फिरायला जायचा बायकांचा ग्रुप हिला न विचारता आमच्या घरावरून गेला. ती खिडकीतून बघत होती, इथली पहिली दोन वर्षं बघायची तशीच. मला पहिल्यांदाच भीती वाटली.

मग मंजिरीचा फोन आला. वैदेहीला नाही, मला. "निखिल, त्या पुडीत काय होतं?"

"का? फरक जाणवला?"

"जाणवला? आईंचे केस हिरवे झालेत!"

काकूंचा दोष नव्हता. हळदीकुंकवाच्या वाणात हिरवी पूड, वर लिहिलेलं तारुण्य. कोणतीही समंजस मराठी बाई त्याला मेंदीच म्हणेल. त्यांनी ती लोखंडी कढईत कालवून रात्रभर भिजवली, पांढऱ्याशुभ्र केसांना थापली आणि टोपी घालून झोपल्या. आठवड्याने त्या भाचीच्या लग्नाला पुण्याला जाणार होत्या.

मी घाबरून सॅमला व्हिडिओ कॉल लावला. "हे केसांतून कसं काढायचं? लवकर सांग!"

आज कोट नव्हता, सिंहही नव्हता, होती मागे रचलेली खोकी.

"मला नाही माहीत रे. निख्या, मी नोकरी सोडली नाही. मला काढलं. आईला सांगू नकोस. इथे नोकरी गेली म्हटलं की लोक नजर चुकवतात. बिझनेस सुरू केला म्हटलं की टाळ्या वाजवतात."

"आणि तुझ्या हाताखाली किती जण आहेत?"

"तू."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही दोघे आपापल्या खोक्यांसमोर बसून राहिलो.

मंजिरीकडे गेलो, तर काकू आरशासमोर. "ये, बस," त्या म्हणाल्या. "लग्नात सगळ्या पैठण्या नेसून येतील. मी पोपट होऊन जाते."

वैदेही माझ्यामागून आली होती. कोणी बोलावलं नव्हतं. तिने पदर खोचला, काकूंना मागच्या अंगणात स्टुलावर बसवलं आणि मला मगा दिला. "ओत."

त्या दिवशी दही आणि लिंबू. दुसऱ्या दिवशी शिकेकाई. रोज शिफ्ट संपली की वैदेही तिथे हजर, आणि मी ऑफिसचं काम गुंडाळून मगा घेऊन. तिसऱ्या दुपारी एक बाई डबा परत करायच्या निमित्ताने डोकावली. तिने काकूंचं डोकं पाहिलं, माझा मगा पाहिला आणि फिस्सकन हसली. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या, रिठे घेऊन. मग ताक आलं, मग चहा, मग भजी.

"काकू, तारुण्य आलं का परत?"

"आलं ना! कॉलेजात असताना मी अशीच हिरवीगार होते!"

सगळ्या खिदळल्या, आणि त्यात वैदेहीचं हसणं होतं. ते ऐकताना मगा रिकामा झालेला मला कळलाच नाही, मी नुसताच ओतत राहिलो.

हिरवी झाक काही पूर्ण गेली नाही. काकू पुण्याला गेल्या, त्यांनी हिरवी पैठणी नेसली आणि ग्रुपवर फोटो टाकला : 'मॅचिंग'. सम्यानेही शेवटी मावशीला खरं सांगितलं. आता तो एका गोदामात कामाला जातो आणि फोनवर जांभया देतो. झोपेत कमावत नाही, पण झोप लागते म्हणाला.

यंदाच्या संक्रांतीला वाणात स्टीलचे डबे होते, वैदेहीने स्वतः आणलेले. उखाणे झाले, पडदे उघडे राहिले. मला स्वयंपाकघरात सिंकपाशी उभं केलं होतं. काकूंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. "निखिल कुठाय? त्याच्या त्या पिरॅमिडचं काय झालं?"

मंजिरीने फोन माझ्याकडे वळवला. कोपरापर्यंत साबण, समोर ताटल्यांचा ढीग.

मनात म्हटलं, पिरॅमिड झाला, काकू. सगळ्यात वर तुम्ही, तुमच्याखाली मंजिरी आणि वैदेही, त्यांच्याखाली ह्या सगळ्या, आणि तळाला मी. बढतीची आशा नाही, पण नोकरी परमनंट आहे.