किल्लीबाईंचा पेन ड्राइव्ह

आमच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे किल्लीबाई म्हणतात. त्यांच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेन ड्राइव्ह अडकवलेला असतो. त्यात पंधरा-वीस लहान प्रोग्रॅम आहेत आणि एकही संगणकावर बसवावा लागत नाही. पेन ड्राइव्ह लावायचा, तिथूनच चालवायचा, काम झालं की काढून घ्यायचा. दुसऱ्याच्या यंत्रावर आपण पाहुणे, भिंतीत खिळे ठोकायला आलेलो नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची पदवी इतिहासाची. संगणकाचं जे येतं ते जेवणाच्या सुट्टीत, एकेक बिघाड वहीत टिपून घेत शिकलेलं. तेहेतीस वर्षं मी कागद तपासत आलो, पण इतकी नीट वही क्वचितच पाहिली.

थोरल्या ताईचे यजमान, आमचे दाजी, अंध विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. असे दोनशे चौदा धडे झाले होते. मग घशाची शस्त्रक्रिया झाली आणि कुजबुजण्यापुरताच आवाज उरला. म्हणजे ते धडे पुन्हा वाचणं शक्य नव्हतं, आणि सगळे होते एकाच संगणकात. दाजी लिनक्स या संगणक-प्रणालीचे कट्टर भक्त. विंडोजचं नाव काढलं की नाक मुरडत. पण वापरण्यापलीकडचं त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. मुलांची परीक्षा दहा दिवसांवर आली असताना तो संगणक बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं आतली हार्ड डिस्क काढून हातात दिली आणि बाकीचं यंत्र गेलं म्हणून सांगितलं.

रविवारी दुपारी मी ती ताईच्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉप विंडोजचा. लगेच चौकट आली: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? माझा जन्म रकाने भरण्यात गेलेला. विचारलं की उत्तर द्यायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं, हेच हाताचं वळण. मी 'हो' म्हटलं. त्यानंतरच्या दोन चौकटींनाही 'हो' म्हटलं. काम पूर्ण झाल्याचा निरोप आला आणि तशीच आणखी एक चौकट उघडी दिसली. तिच्याकडे हात वळवतोय तोच दाजींनी मागून माझं मनगट धरलं.

"फॉरमॅट म्हणजे पुसणं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

मी किल्लीबाईंना फोन लावला. काय केलंत, असं त्यांनी विचारलंच नाही. पडद्यावर आत्ता काय दिसतंय तेवढं विचारलं. "ते तसंच राहू द्या, साहेब. कशालाही हात लावू नका. ताईंना चहा ठेवायला सांगा, मी निघाले."

अर्ध्या तासात त्या आल्या. आधी ती चौकट रद्द केली, मग डिस्कचे भाग पडद्यावर आणून शांतपणे पाहिले.

"तुम्ही पुसलात तो छोटा भाग, जुनं यंत्र सुरू होण्यापुरता. आता ते यंत्रच नाही. मोठा भाग जागेवर आहे."

ताई म्हणाली, "नशीब, आमचा भाऊ क्रमानं जातो."

विंडोजला लिनक्सची मांडणी वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते त्याला कोरं वाटतं, असं किल्लीबाईंनी समजावलं. मग जुडग्यातला पेन ड्राइव्ह लावून एक प्रोग्रॅम उघडला. हा डिस्कवर एक अक्षरही लिहीत नाही, नुसता वाचतो. म्हणून हाच, असं म्हणाल्या. दाजींचे फोल्डर एकेक करून दिसू लागले. सगळे धडे त्यांनी दुसऱ्या डिस्कवर उतरवले. दोन्हीकडे दोनशे चौदा भरले तेव्हा मला वाटलं, झालं. त्या मात्र नववा, सत्त्याहत्तरावा, एकशे चाळिसावा असे मधलेच धडे उघडून मधूनच ऐकू लागल्या. आयुष्यभर तपासण्या केल्या मी, पण बऱ्याचदा पहिलं पान आणि शेवटचं पान पाहून.

सत्त्याहत्तरावा इतिहासाचा होता. दाजींचा पूर्वीचा भरदार आवाज खोलीभर पसरला. ताई हातात कप धरून उभीच राहिली. दाजींनी डोळे मिटले होते, ते एकदम उघडले.

"थांबवा. सन चुकीचा वाचलाय मी."

"माझ्याही कानाला खटकला," किल्लीबाई म्हणाल्या.

दाजींनी स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. किल्लीबाईंनी आपला फोन काढून समोर ठेवला. मग ताईला पंखा बंद करायला सांगितलं.

जाताना त्यांनी डिस्कवर चिठ्ठी चिकटवली: 'फॉरमॅट करू का विचारेल. नाही म्हणा.' मी तीनदा 'हो' म्हटल्याबद्दल कार्यालयात आजवर कुणाला काही कळलेलं नाही.

परीक्षेच्या आठ दिवस आधी धडे मुलांपर्यंत पोचले. सत्त्याहत्तराव्या धड्याच्या शेवटी एका बाईंचा थोडा घाबरलेला आवाज येतो. सरांनी सांगितलेला सन असा दुरुस्त करून घ्यावा, असं त्या सांगतात, आणि सन दोनदा, सावकाश वाचतात.