तीन उंच खांब

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण गणिताच्या निवृत्त बाईंनी माझ्या टेबलावर पसरलेला तो आलेखाचा कागद अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा मी बुऱ्हाणपूरला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. बाई म्हणाल्या, “साहेब, माझा लहान भाऊ उद्या कापडाचे चारही यंत्रमाग विकतोय. सगळे पैसे एकाच शेअरमध्ये घालणार. मोबाइलवर ग्रुप चालवणारा एक तरुण सांगतो म्हणून.”

“भाव वाढतोय ना? मग तक्रार कशाची?” मी विचारलं. आज त्या प्रश्नाची लाज वाटते.

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. वर भावाची रेघ, खाली रोज किती शेअरांचे सौदे झाले त्याचे खांब. “केळीच्या लिलावात भाव जोरात बोलला, पण गाड्याच भरल्या नाहीत, तर तुम्ही तो भाव खरा मानाल? इथं तसंच आहे. भाव चढतोय, सौदे नावाला. फक्त या तीन दिवशी खांब एकदम उंच, तरी भाव जागचा हलला नाही. लोक घेत होते तेव्हा कोणीतरी माल ओतत होतं.”

माझं आजोळ खकनारकडचं, केळीवाल्यांचं. एवढं मला लगेच कळलं.

“ग्रुपवर ‘घ्या’ असा मेसेज कधी कधी आला?” मी विचारलं. रोजनामचा लिहिणारा आमचा मुन्शी खाकरला. “साहेब, मी बी हाये त्या ग्रुपात.” दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! त्याच्या मोबाइलमधले मेसेज नेमके त्या तीन दिवसांचे निघाले.

नोटीस देऊन त्या तरुणाला दुपारी बोलावलं. तो शपथा घेऊ लागला. “सर, मैं तो बस सिखाता हूँ. एक शेअर पण बेचला नाही, कसम से.”

मी आवाज चढवला नाही. खोटं बोलणारा ‘का’चं उत्तर घोकून येतो, ‘कधी’चं नाही, हा माझा अनुभव. कागद पुढे सरकवून विचारलं, “मग या तीन दिवशी कोणी बेचले?” त्याने पाणी मागितलं. ते पिऊन म्हणाला, “जीजाजींच्या खात्यातून.” पुढे मागवलेल्या खात्याच्या उताऱ्यातही तेच तीन दिवस सापडले.

दुसऱ्या दिवशी मागांचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. बाईंच्या भावाने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

आलेख कोणाला गुन्हेगार ठरवत नाही. कोणत्या दिवसाबद्दल विचारायचं एवढंच तो दाखवतो, आणि तपासात तेवढं पुष्कळ असतं. पण तो आणणाऱ्या माणसाचं आधी नीट ऐकून घ्यावं लागतं. हे मी नोकरीच्या शेवटाला शिकलो, तेही एका बाईंकडून.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. हेच सगळं त्यांना सांगायचं होतं. दोनदा ओरडून सांगितलं, तरी त्यांना ऐकू जाईना. पलीकडच्या शेडमध्ये चारही माग खडाखड चालू होते.